संप नको असेल, तर वाटाघाटींना कायदा हवा

मार्च २०२३ च्या मध्यावर नाशिक जिल्ह्याने एकाच आठवड्यात तीन घटना पाहिल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या हक्कांविषयी बोलताना त्या शेजारी शेजारी मांडणे आवश्यक आहे. १२ मार्चला दिंडोरीहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. १४ मार्चला जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. संघटनांच्या म्हणण्यानुसार त्यांची संख्या सतरा लाखांच्या घरात होती. त्याच दिवसांत अवकाळी पावसाने आणि गारपिटीने द्राक्षे, कांदा व काढणीला आलेला गहू झोडपून काढला.

पिकाच्या नुकसानीचा पंचनामा एका माणसाच्या हातचा नसतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक अशा तिघांनी शेतावर जायचे, गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहायचे, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक आहे की नाही हे ठरवायचे आणि मग सह्या करायच्या, अशी ती रीत आहे. त्या आठवड्यात तिघेही संपावर होते. पावसात भिजलेला द्राक्षमणी तडकतो, घड कुजू लागतो आणि बागायतदाराला तो फार दिवस वेलीवर ठेवता येत नाही. पण पंचनाम्याआधी माल उतरवून टाकला, तर नुकसान दाखवायचे कशावरून? त्यामुळे निफाड, दिंडोरी, सटाण्याकडच्या शेतकऱ्याने संपकऱ्यांना बोल लावले असतील, तर त्याचा राग रास्तच होता. कर्मचाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याने ही गोष्ट आधी कबूल केली पाहिजे, कारण सरकारी सेवेतील संपाचा मार मालकाला बसत नाही, तो तिसऱ्याच माणसाला बसतो.

तरीही त्याच आठवड्यात पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मागणीपत्रात जुन्या पेन्शनची मागणी होती आणि आशा व अंगणवाडी सेविकांना कायम करण्याचीही होती. मंत्र्यांनी वाटेत जाऊन मोर्चेकऱ्यांशी बोलणी केली, विधानभवनात शिष्टमंडळाशी चर्चा झाली आणि १८ मार्चला वाशिंद येथून मोर्चा मागे फिरला. शेतकऱ्याला सरकारशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नाही, पण तसे करण्यास त्याला कोणी मनाईही केलेली नाही. सरकारी कर्मचाऱ्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. त्याला संघटना करता येते, मात्र त्या संघटनेशी वाटाघाटी करण्याचे कोणतेही बंधन सरकारवर नाही आणि तिने संप पुकारला तर वर्तणूक नियमांखाली तो गैरवर्तनाचा विषय ठरतो. संप सुरू असतानाच विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणारे, म्हणजे मेस्माचे, विधेयक मंजूर केले. २० मार्चला निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या त्रिसदस्यीय समितीच्या आश्वासनावर संप मागे घेण्यात आला.

माझे म्हणणे असे आहे की, सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क कायद्याने द्यावा, त्याच्या शेवटी बंधनकारक लवादाची तरतूद असावी आणि अत्यावश्यक सेवांमध्ये संपावरील बंदी या दोन गोष्टींच्या बदल्यातच मागावी. यात कर्मचाऱ्यांचे हित आहेच, पण पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे हित त्याहून अधिक आहे.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात सांगता येते. घटनेचा १९ वा अनुच्छेद संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य देतो. मात्र त्या स्वातंत्र्यात सामूहिक वाटाघाटींची हमी किंवा संपाचा हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात साठच्या दशकाच्या आरंभीच सांगितले. कामेश्वर प्रसाद खटल्यात शांततापूर्ण निदर्शनांवरची सरसकट बंदी न्यायालयाने रद्द केली, पण संपाला मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला. पुढे १९६७ च्या रोशनलाल टंडन खटल्याने आणखी मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. सरकारी नोकरीची सुरुवात करारासारखी होत असली, तरी नेमणूक होताच कर्मचाऱ्याला एक विशिष्ट दर्जा प्राप्त होतो आणि त्याच्या सेवाशर्ती त्याच्या संमतीविना, नियम बदलून, सरकारला एकतर्फी बदलता येतात. आणि २००३ मध्ये, तामिळनाडू सरकारने सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केल्यानंतर, रंगराजन खटल्यात न्यायालयाने संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच हक्क कर्मचाऱ्यांना नसल्याचा निर्वाळा दिला. बहुतेकांना बिनशर्त माफी आणि हमीपत्र लिहून दिल्यावर कामावर घेण्यात आले.

एकतर्फी म्हणजे किती एकतर्फी, याचा महाराष्ट्रातील नमुना पाहण्यासारखा आहे. जुनी निवृत्तिवेतन योजना बंद करून अंशदानाची, म्हणजे कर्मचाऱ्याच्या पगारातूनही हिस्सा कापून घेणारी, योजना लागू करणारा शासन निर्णय ३१ ऑक्टोबर २००५ चा आहे आणि तो अमलात आला १ नोव्हेंबर २००५ पासून, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून. पुढच्या पिढ्यांतील लाखो माणसांचे म्हातारपण ज्याने ठरणार होते, त्या निर्णयाच्या जाहीर होण्यात आणि अमलात येण्यात एका रात्रीचे अंतर होते. त्या निर्णयामागचे आर्थिक कारण खोटे होते, असे मी म्हणत नाही. निवृत्तिवेतनाचा वाढता भार ही खरीच चिंता होती आणि आजही आहे. परंतु ज्या निर्णयाला दुसऱ्या बाजूची संमती तर सोडाच, साधी साक्षही नसते, तो निर्णय त्या बाजूने मनापासून स्वीकारावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? अठरा वर्षांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या घातलेली मंडळी रस्त्यावर दिसली, त्याचे बीज या एका रात्रीत आहे.

वाटाघाटींना कायदा नाही, म्हणून वाटाघाटी होत नाहीत, असे मात्र नाही. त्या होतात, पण आडमार्गाने. नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोणत्याही आठवड्यात एखाद्या कर्मचारी संघटनेचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आलेले दिसते. निवेदनाची एक ठरलेली घडण असते. वर मुख्यमंत्र्यांचा पत्ता, त्याखाली ‘मार्फत’ लिहून जिल्हाधिकाऱ्यांचे नाव, खाली रिक्त पदे, महागाई भत्त्याची थकबाकी, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, अनुकंपा भरती अशा क्रमांकवार मागण्या आणि शेवटी ‘अन्यथा नाइलाजास्तव आंदोलनाचा मार्ग स्वीकारावा लागेल’ हे वाक्य. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मारून घेतला जातो, कारण निवेदन पोहोचल्याचा तेवढाच पुरावा हाती राहतो. पुढे काळ्या फिती, मग द्वारसभा, मग धरणे, मग एक दिवसाचा लाक्षणिक संप. कधीतरी मंत्रालयात बैठक लागते, तिचे इतिवृत्त महिन्याभराने येते आणि त्यात ‘याबाबत शासन सकारात्मक आहे’, ‘प्रस्ताव तपासून सादर करावा’, ‘तत्त्वतः मान्यता’ असे शब्द असतात. या इतिवृत्ताला कायद्याच्या दृष्टीने कवडीचे मोल नाही. ते पाळले नाही म्हणून कोणाला न्यायाधिकरणात जाता येत नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण बदली, बढती, निलंबन, सेवाज्येष्ठता यांसारख्या सेवाविषयक तक्रारी चालू नियमांच्या कसोटीवर तपासते, नवे वेतन किंवा नव्या शर्ती ठरवून देणे हे त्याचे काम नाही. मग हाती उरतो तो संपच, जो करणे हे गैरवर्तन आहे.

या व्यवस्थेत ज्या मागण्यांना पैसा लागत नाही, त्या मात्र लवकर मान्य होतात, हे जाता जाता नोंदवतो. तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आणि कृषी सहायक ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले. पदनामे बदलली, एकेका सजेवर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रावर, किती गावांचा बोजा असावा, हा प्रश्न होता तेथेच आहे.

आडमार्गाच्या वाटाघाटींचा सर्वांत मोठा तोटा पेन्शनच्याच प्रकरणात दिसला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, जुनी योजना पुन्हा लागू केल्यास तिजोरीवर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल आणि राज्य दिवाळखोरीकडे जाईल. पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी २०२३ ला, नाशिक पदवीधर मतदारसंघासह विधान परिषदेच्या पाच जागांसाठी मतदान होते. या निवडणुकांतील मतदार म्हणजे मोठ्या प्रमाणावर शिक्षक आणि पदवीधर नोकरदार, त्यामुळे जुनी पेन्शन हा प्रचाराचा विषय झाला आणि सरकारचा सूर मवाळ झाला. मार्चमध्ये संप झाला, समिती नेमली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपाचे हत्यार उपसले गेले आणि आश्वासनानंतर म्यान झाले. १ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची सुधारित योजना सभागृहात जाहीर केली. ऑगस्ट २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक दोन-तीन महिन्यांवर असताना, केंद्राच्या एकीकृत योजनेपाठोपाठ राज्य मंत्रिमंडळानेही तिला मान्यता दिली.

हा निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तो कोणत्या वाटेने आला, ते पाहावे. जी गोष्ट डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरी होती, ती वीस महिन्यांत धोरण कशी झाली? दोन्ही बाजूंनी आकडे समोर ठेवले, निष्पक्ष माणसाने ते तपासले, कर्मचाऱ्याचा हिस्सा किती आणि सरकारचा किती यावर घासाघीस झाली आणि मग एका मसुद्यावर सह्या झाल्या, असे लोकांना काही दिसले नाही. दिसल्या त्या निवडणुकांच्या तारखा. ज्यांना सामूहिक वाटाघाटी म्हणजे तिजोरीची लूट वाटते, त्यांनी हा घटनाक्रम पुन्हा एकदा वाचावा. वाटाघाटींचा हक्क नाकारल्याने तिजोरी वाचलेली नाही. मतपेटी हेच सौद्याचे ठिकाण बनले आहे आणि तेथे करदात्याची बाजू मांडायला कोणीही बसलेले नसते.

नाशिककराला तर सामूहिक वाटाघाटी शिकवायला नकोत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत दोन-तीन पिढ्यांनी वेतनकरार पाहिले आहेत. मागणीपत्र जाते, कराराची मुदत संपते, बैठका होतात, उत्पादन किती वाढवायचे आणि त्यापोटी पगार किती वाढवायचा यावर ताणाताणी होते, कधी कामबंद होते, कधी टाळेबंदीही होते, आणि शेवटी कराराची बातमी फोटोसह स्थानिक वृत्तपत्रात येते. १९७१ च्या महाराष्ट्रातील कामगार संघटना मान्यता कायद्याने कोणत्या संघटनेशी बोलायचे, हा प्रश्नही सोडवला होता: किमान ३० टक्के सभासदत्व दाखवा आणि औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेने तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटी करणारी एकमेव संघटना म्हणून दर्जा दिला आहे. याच संहितेने सरकारची सार्वभौम कार्ये ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, म्हणजे महसूल, न्याय, पोलीस यांसारख्या खात्यांतील माणसे पुन्हा कुंपणाबाहेरच राहिली.

हे कुंपण तर्काने घातलेले आहे, असे वाटत नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई विमाने जोडली जातात. त्या कंपनीची मालकी सरकारची, काम संरक्षणाचे. तरी तेथील कामगार संघटना वेतनकरार करतात आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वेतनाच्याच प्रश्नावर कंपनीच्या देशभरातील कामगारांनी संपही केला होता. नाशिक रोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय २००६ पर्यंत केंद्र सरकारचे खाते म्हणून चालत होते. मग ती दोन्ही एका सरकारी महामंडळाकडे गेली. नोटा त्याच, गेटवरची तपासणी तीच, पण मालक कंपनी झाल्याबरोबर वेतन आयोगाच्या चौकटीबाहेर कंपनीशी वेतनकराराची वाट खुली झाली. देशाच्या नोटा छापणारा आणि लढाऊ विमान जोडणारा करार करू शकतो, पण तहसील कार्यालयात उत्पन्नाचे दाखले तयार करणाऱ्या महसूल सहायकाने तसे केले तर राज्याचे सार्वभौमत्व धोक्यात येते, हे पटवून घेणे अवघड आहे. पोलिसांचा प्रश्न निराळा आहे. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने आणि १९६६ च्या स्वतंत्र कायद्याने त्यांच्या संघटनेवर मर्यादा आहेत, त्यांच्या हाती शस्त्र आहे आणि त्या मर्यादा राहू द्याव्यात, असेच मला वाटते.

येथे एक उलटे उदाहरण समोर येते आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एसटी महामंडळाच्या कामगारांना औद्योगिक कायद्याखाली वाटाघाटींचा हक्क दशकानुदशके होता, मान्यताप्राप्त संघटना होती, वेतनकरार होत होते. तरीही २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत जो प्रदीर्घ संप चालला, त्यातील मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती, ती राज्य शासनात विलीनीकरणाची होती. म्हणजे वाटाघाटींचा हक्क ज्यांच्याकडे होता, त्यांनीच तो टाकून सरकारी कर्मचाऱ्याचा, वाटाघाटींचा हक्क नसलेला दर्जा मागितला! नाशिकच्या महामार्ग स्थानकावर आणि ठक्कर बाजारात तेव्हा फलाट ओस पडले होते आणि कळवण, पेठ, सुरगाण्याकडच्या प्रवाशाला काळी-पिवळीवाले मागतील ते भाडे मोजावे लागत होते. यावरून कोणी म्हणेल की कामगारांनाच वाटाघाटींपेक्षा सरकारी शिक्का मोलाचा वाटतो.

मला या संपाचा अर्थ वेगळा वाटतो. ज्या महामंडळाची तिजोरी रिकामी आहे, तिकीटदर ज्याला स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नाहीत आणि सवलतींची रक्कम ज्याला सरकारकडून मागून घ्यावी लागते, त्याच्याशी केलेल्या वाटाघाटी पोकळ असतात. खरा मालक टेबलाच्या पलीकडे बसलेलाच नव्हता. एसटी कामगाराने विलीनीकरण मागितले, त्यात त्याने खरा मालक शोधला. पगार वेळेवर देण्याची ताकद ज्याच्या हाती, त्याच्याशी नाते जोडू पाहिले. यातून धडा असा निघतो की, वाटाघाटींच्या हक्काला अर्थ यायचा असेल तर टेबलाच्या पलीकडे वित्त विभाग बसला पाहिजे; ज्याला शब्द देण्याचा अधिकार नाही असा सामान्य प्रशासन विभागाचा उपसचिव बसवून भागणार नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो वजनदार आहे. खासगी मालक स्वतःच्या नफ्यातून देतो. सरकार लोकांच्या पैशातून देते आणि तो पैसा कसा खर्चायचा, हे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळाचा आहे. एखाद्या संघटनेशी झालेल्या कराराने विधिमंडळाचे हात बांधले, तर लोकशाहीत मतदारापेक्षा कर्मचारी मोठा ठरेल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९५९ मध्ये सार्वजनिक कर्मचाऱ्यांना वाटाघाटींचा हक्क देणारा देशातील पहिला कायदा केला आणि त्याच राज्याने २०११ मध्ये, तुटीचे कारण देऊन, तो हक्क मूळ वेतनापुरता आणि महागाईच्या मर्यादेपुरता आकसून टाकला. तेव्हा तेथील युक्तिवादाचा गाभा हाच होता.

याचे उत्तर आपल्याच देशात, केंद्र सरकारच्या सेवेत, साठ वर्षांपासून अस्तित्वात आहे. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला आणि मोडून काढला गेला. पण त्यातून सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली: १९६६ मध्ये, ब्रिटनमधील व्हिटली परिषदांच्या धर्तीवर, संयुक्त सल्लामसलत यंत्रणा स्थापन केली. राष्ट्रीय, विभागीय आणि कार्यालयीन अशा तीन पातळ्यांवर प्रशासनाची बाजू आणि कर्मचाऱ्यांची बाजू समोरासमोर बसते. राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडे असते. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन विषयांवर एकमत झाले नाही, तर प्रकरण त्रिसदस्यीय लवादाकडे जाते. त्यात दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य आणि स्वतंत्र अध्यक्ष असतो. लवादाचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो, मात्र संसदेचा अंतिम अधिकार अबाधित राहतो. म्हणजे विधिमंडळाचे हात बांधले जात नाहीत. निवाडा फेटाळायचा असेल तर तो उघडपणे, सभागृहात, नाव-गाव-कारणासह फेटाळावा लागतो. लोकशाहीला याहून अधिक काय हवे?

ही यंत्रणा आदर्श आहे, असे कोणी समजू नये. ती कायद्याने नव्हे, तर प्रशासकीय योजनेने निर्माण झालेली आहे आणि म्हणूनच बैठका लांबल्या किंवा निवाडे रेंगाळले तर दाद मागायला जागा राहत नाही. वेतन आयोगांच्या काळात तर ती झाकोळून जाते. तरी तिचा सांगाडा योग्य आहे आणि महाराष्ट्राने तो उचलून त्याला कायद्याचे अधिष्ठान द्यावे. या राज्यात केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये ५४ दिवसांचा संप झाला होता. आज महागाई भत्ता केंद्राच्या दराने मिळतो खरा, पण काही महिने उशिरा, आणि दर वेळी त्यासाठी निवेदने द्यावी लागतात. एखाद्या करारात ‘केंद्राच्या आदेशानंतर इतक्या दिवसांत’ एवढे एक कलम असते, तर हा वार्षिक सोहळा कधीच थांबला असता.

संपबंदीचा प्रश्नही याच चौकटीत सुटू शकतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सस्कॅचवान प्रांताच्या एका कायद्याविषयी निर्णय देताना जी भूमिका घेतली, ती मला सर्वांत न्याय्य वाटते: अत्यावश्यक सेवेतील माणसाचा संप काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या जागी वाद सोडवण्याचा निष्पक्ष आणि परिणामकारक मार्ग दिला पाहिजे. आपल्याकडे मेस्मा आहे, पण त्याच्या बदल्यात काहीच नाही. जिल्हा रुग्णालयातील परिचारिकेने संप करू नये, हे मला मान्य आहे. अतिदक्षता कक्षातील रुग्णाला तिच्या वेतनश्रेणीतील त्रुटीशी काही देणेघेणे नाही. परंतु जिला संप करता येत नाही, तिची वेतनत्रुटी ठरावीक मुदतीत लवादापुढे गेलीच पाहिजे, एवढे तरी राज्याने देणे लागते. आपत्तीच्या वेळचे पंचनामे हेही अत्यावश्यक कामच मानावे आणि त्यांना संपातून वगळण्याची अट करारातच असावी. मार्च २०२३ मध्ये संघटनांनी ही सवलत आपणहून दिली असती, तर गावोगावची सहानुभूती त्यांच्या मागे राहिली असती.

दुसरा आक्षेप नाशिकच्या चौकात अधिक ऐकू येतो: ज्यांना आधीच सगळे आहे, त्यांना आणखी कशाला? कांदा मातीमोल भावाने विकणाऱ्याला, दुकानात बारा तास उभे राहणाऱ्या मुलीला, रिक्षावाल्याला निवृत्तिवेतन नाही, आणि ज्या कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात तेथील माणसाला मात्र ते हवे. या आक्षेपात मत्सर आहे असे म्हणून तो झटकून टाकणे संघटनांना सोयीचे जाते, पण त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये राज्याने लोकसेवा हक्क कायदा केला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. कर्मचारी संघटनांच्या मागणीपत्रांत या कायद्याचा उल्लेख शोधावा लागतो. सातपूरच्या कारखान्यात करार होतो तेव्हा पगारवाढीबरोबर उत्पादनवाढीचेही कलम असते, हे आपण वर पाहिले. सरकारी सेवेच्या करारात तसे कलम का नसावे? इतकी रिक्त पदे भरली, तर अमुक दाखला अमुक दिवसांत, असे लेखी बांधून घेता येईल. वाटाघाटी गुप्त न ठेवता दोन्ही बाजूंची मागणीपत्रे, त्यांचा खर्च आणि लवादाचा निवाडा हे सारे लोकांपुढे ठेवले, तर करदात्याला पहिल्यांदाच कळेल की आपल्या नावाने काय ठरते आहे.

आणि आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो. आज सरकारी कार्यालयात, रुग्णालयात, शाळेत काम करणारा प्रत्येक माणूस सरकारी कर्मचारी राहिलेला नाही. तेच काम करणारे कंत्राटी आहेत, रोजंदारीवर आहेत, मानधनावर आहेत आणि आता ‘बाह्यस्रोता’तून आलेलेही आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयासमोर शासकीय आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन केले. वर्षानुवर्षे ज्या शाळांत त्यांनी शिकवले, स्वयंपाक केला, वसतिगृहे सांभाळली, तेथील भरती खासगी पुरवठादाराकडे देण्यास त्यांचा विरोध होता. माणसे अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी घेऊन शहराच्या रस्त्यावर राहिली, कारण त्यांच्यासाठी निवेदनाचा आडमार्गसुद्धा बंद होता. आयुक्तालय म्हणणार, नेमणूक पुरवठादाराची. पुरवठादार म्हणणार, दर शासनाने ठरवलेला. त्याआधी, डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात, अंगणवाडी सेविकांनी सात आठवडे संप केला. त्यांना तर कर्मचारी म्हणायलाही सरकार तयार नाही.

कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी या माणसांसाठी ठराव केले, पाठिंब्याची पत्रकेही काढली. परंतु निर्वाणीच्या बोलणीत कंत्राटी माणसाचा मुद्दा मागणीपत्रात तळाला जातो आणि समेटाच्या वेळी गळून पडतो, हा अनुभव जुना आहे. उद्या वाटाघाटींचा कायदा झाला आणि त्यात फक्त कायम सेवेतील माणूस धरला, तर सरकारला एक सोपी पळवाट मिळेल: करार महाग पडतो तेथे पद रिकामे ठेवायचे आणि काम बाहेरच्या पुरवठादाराला द्यायचे. ते आजही घडते आहे, तेव्हा अधिक वेगाने घडेल. म्हणून वाटाघाटींचे एकक ‘पद’ नसावे, ‘काम’ असावे. एखाद्या आश्रमशाळेत जितकी माणसे राबतात, त्या सर्वांना, त्यांचा पगार कोणत्याही खात्यातून निघो, मान्यताप्राप्त संघटना ठरवण्यासाठी मत असावे आणि कराराचा लाभही असावा. कायम कर्मचाऱ्यांच्या नेत्यांना हे रुचणार नाही, कारण त्यात त्यांचे बहुमत हलते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे संघटना स्वातंत्र्याविषयीचे १९४८ चे ८७ क्रमांकाचे आणि सामूहिक वाटाघाटींविषयीचे १९४९ चे ९८ क्रमांकाचे संकेत भारताने अजून अनुसमर्थित केलेले नाहीत आणि त्यासाठी सरकार नेहमी जे कारण देते, ते सरकारी कर्मचाऱ्यांवरील निर्बंधांचेच आहे. म्हणजे सबंध देशातील कामगारांच्या हक्काचे एक दार या एका प्रश्नापाशी अडलेले आहे. दिल्लीत ते केव्हा उघडेल ते उघडो. सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार ३०९ व्या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळाला दिलेला आहे आणि महाराष्ट्राला आपल्या कर्मचाऱ्यांपुरता कायदा करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तो होईपर्यंत एक लहान प्रयोग नाशिकमध्येच करता येण्यासारखा आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या काळात महसूल, आरोग्य, महापालिका, पाणीपुरवठा, एसटी अशा साऱ्या यंत्रणांतील माणसे रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत नेमली जातील, रजा रद्द होतील, बाहेरच्या जिल्ह्यांतून कुमक येईल आणि सफाईचे बहुतांश काम कंत्राटी कामगारांकडून करून घेतले जाईल. कामाच्या पाळ्या किती तासांच्या, बाहेरगावच्यांच्या राहण्या-जेवणाची सोय काय, जादा कामाचा मोबदला किती आणि केव्हा, अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे, गमबूट आणि किमान वेतन मिळते की नाही हे कोण तपासणार, हे सर्व प्रश्न आजच माहीत आहेत. सिंहस्थासाठी स्वतंत्र कायद्याने प्राधिकरण अस्तित्वात आले आहे. त्याने सर्व संबंधित संघटनांना, कंत्राटी कामगारांच्या प्रतिनिधींसह, एकत्र बोलावून या मुद्द्यांवर लेखी करार करावा, वादासाठी एखाद्या निवृत्त न्यायाधीशाला लवाद नेमावे आणि त्या बदल्यात पर्वकाळात संप न करण्याची हमी संघटनांकडून घ्यावी. मेस्माची अधिसूचना काढायला एक दिवस पुरतो, हा करार करायला काही महिने लागतील. म्हणून त्याची पहिली बैठक ध्वजारोहणाच्या आधी व्हायला हवी.